ओला जोड, कोरडा जोड

आमच्या घरात प्रवासाच्या सामानाबाबत दोन पक्ष आहेत. एक ‘असू दे’ म्हणणाऱ्यांचा आणि दुसरा ‘कशाला?’ म्हणणाऱ्यांचा. पहिल्या पक्षाचा पुढारी मी, दुसऱ्याची सौभाग्यवती. आई कोणत्याच पक्षात नाही. ती आयत्या वेळी एक डबा आणून ठेवते आणि तो दोन्ही पक्षांना मुकाट्याने न्यावा लागतो. या सदराच्या जुन्या वाचकांना हे ठाऊक आहेच. महाबळेश्वरला नेलेल्या आणि न उघडता परत आणलेल्या इस्त्रीची कथा मी याच पानांवर सांगितली होती. त्यानंतर घरातली माझी पत जी उतरली ती अजून वर आलेली नाही.

गेल्या दिवाळीच्या सुटीत आम्ही केरळातल्या सायलेंट व्हॅली राष्ट्रीय उद्यानात गेलो. ‘उद्यान’ हा शब्द ऐकून माझ्या डोळ्यांपुढे प्रथम बाके, कारंजे आणि चणेवाला उभा राहिला, हे कबूल करतो. आयुष्यभर भाषा शिकवणाऱ्या माणसाला शब्द असेच फसवतात. प्रत्यक्षात ते पालक्काड जिल्ह्यातले, निलगिरीच्या कुशीतले सदाहरित अरण्य आहे. जूनपासून डिसेंबरपर्यंत तिथल्या हवेत इतके पाणी असते, की दोरीवर टाकलेला सदरा वाळायचे नावच घेत नाही.

आता अशा ठिकाणी आमच्यासारख्या, डोंबाऱ्याच्या माकडापलीकडे वन्य प्राणी न पाहिलेल्या कुटुंबाचे काय काम? काम होते. आमची कन्या तिथे होती.

कन्येने प्राणिशास्त्रात एम. एस्सी. केले. पुढे तिने बँकेच्या परीक्षेला बसावे असे माझे मत होते. नुसते मत नव्हते, अर्जही मीच भरून ठेवला होता. त्याच आठवड्यात तिला एका संशोधन प्रकल्पात मदतनिसाचे काम मिळाले. काम कसले, तर रात्री कंदील घेऊन – म्हणजे हल्ली कपाळाला बांधायचा दिवा असतो तो घेऊन – ओढ्याकाठी बसायचे आणि बेडकांची नोंद ठेवायची. जेवताना हे कळले. मी आमटीचा भुरका घेऊन म्हणालो, “बेडूक मोजायला एम. एस्सी. कशाला करायला हवे होते? ते गावच्या विहिरीपाशी बसून तुझ्या आजीनेही मोजले असते.”

वर्गात असल्या वाक्याला हशा मिळतो. घरात कुणी हसले नाही. कन्येने पान पुरे केले, हात धुतला आणि चौथ्या दिवशी ती गाडीत बसली. त्यानंतर जूनपासून तिचे फोन येत ते एकाच वाक्याने सुरू होत. “बाबा, आई आहे का?” आई असे. मी फोन देत असे.

नवरात्रात तिचा फोन आला. सौभाग्यवतीने तो ठेवला आणि म्हणाली, “दिवाळीला तिला सुटी नाही. म्हणते आहे, ‘तुम्हीच या.’”

“‘तुम्ही’ म्हणाली?” मी विचारले.

“हो.”

वाचकहो, आता यात एक व्याकरण आहे. कन्या आईला ‘तू’ म्हणते, मला ‘तुम्ही’ म्हणते. ती आईशी बोलत होती. तेव्हा तो ‘तुम्ही’ आदरार्थी एकवचनी असणे शक्य नाही. तो अनेकवचनीच असला पाहिजे. पण अनेकांत कोण कोण? तिची आई आणि आजी, असाही अर्थ निघू शकतो. मी ही शंका बोलून दाखवली. सौभाग्यवती डाळ निवडता निवडता म्हणाली, “आईंना या वयात ती जळवांत कशाला बोलावील?” माझ्या वाट्याला आलेले आमंत्रण हे असे व्याकरणाने सिद्ध झालेले होते. मी दुसऱ्याच दिवशी कोकण रेल्वेने शोरनूरपर्यंतची तिकिटे काढली.

मग यादी आली. ती अर्थात आईलाच सांगितली गेली आणि धोब्याच्या हिशेबाच्या वहीत लिहिली गेली. यादी कसली, नकारांची माळ होती. जाड निळ्या कापडाच्या जीन्स नकोत. टर्किश टॉवेल नको. चामड्याचे काही नको. फार ऊबदार काही नको, पण एक पातळ लोकर हवी, कारण सैरंध्री उंचावर आहे. लांब बाह्यांचे सदरे हवेत, तेही फिकट रंगाचे, म्हणजे अंगावर चढलेले काय ते दिसते. छत्री चालेल. आणि शेवटी होते: “बाबांना सांग, पुस्तके आणू नका. बुरशी धरते.”

ही शेवटची ओळ मला लागली. बुरशी पुस्तकांना धरते, की पुस्तकवाल्यांना, असे तिला म्हणायचे होते की काय कोण जाणे!

पण यादीचा एकेक नकार मी तपासू लागलो तशी त्यातली गोम कळू लागली. जीन्सचे कापड जाड. एकदा भिजले की दमट हवेत तीन-तीन दिवस ओले राहते आणि ओले असताना वजनालाही भारी. टर्किश टॉवेलाचेही तेच. तो पाणी पिऊन घेतो आणि परत देत नाही, उसनवारीतल्या नातलगासारखा. याउलट आमच्या वडिलांचा पंचा! विरविरीत, मळकट, सौभाग्यवतीने तीनदा बोहारणीला देऊ केलेला आणि मी तीनदा वाचवलेला. तो पिळला की अर्धा वाळतो आणि अंगाभोवती गुंडाळून झोपले की सकाळपर्यंत उरलेला वाळतो. यादीत ‘पंचा’ असा शब्द स्पष्ट होता. मी तो दोनदा वाचून दाखवला. माझ्या पक्षाचा गेल्या कित्येक वर्षांतला हा पहिला विजय.

रेनकोटाचीही अशीच गंमत. मी चांगला घोट्यापर्यंतचा रेनकोट काढून ठेवला होता. पण अंगाचा घाम उडून जातो तेव्हाच अंग गार होते. भोवतालच्या हवेतच पाणी भरलेले असले तर घाम उडायचा कुठे? त्यावर रबरी कोट चढवला की पाऊस बाहेर राहतो आणि माणूस आतून भिजतो. आमच्या कोकणात शेतकरी इरले घेत तेही याच हिशेबाने. पाठीवर पानांचे छप्पर, खाली वारा खेळता. पावसाची अक्कल मला बालपणी मिळालेली होती, ती मध्येच शहरात कुठे सांडली कळत नाही.

धनत्रयोदशीला आमच्या दिवाणखान्यात धन्वंतरीची तसबीर, धण्या-गुळाचा नैवेद्य आणि शिलाईचे मशीन असे तिन्ही एकत्र मांडले होते. सौभाग्यवती मांजरपाटाचे मोजे शिवत होती. जळवांचे मोजे. घट्ट विणीचे कापड, टाचेला शिवण, गुडघ्याखाली बांधायला नाडी. आतला नेहमीचा मोजा आणि पायाची विजार दोन्ही त्यात कोंबायची आणि वरून बूट घालायचा. जळू सैल विणीतून सुतासारखी बारीक होऊन आत शिरते, मांजरपाटातून तिला शिरता येत नाही. मी एक जोडी चढवून आरशापुढे उभा राहिलो. आई म्हणाली, “अगदी बँडवाला दिसतोस.”

तसबिरीकडे पाहता पाहता मला आठवले, की धन्वंतरीच्या चार हातांत शंख, चक्र, अमृताचा कलश असतो आणि काही मूर्तींत चौथ्या हातात चक्क जळू असते. सुश्रुताने तर जळवांवर एक अख्खा अध्याय खर्चला आहे: सहा जाती सविष, सहा निर्विष, त्या कशा धरायच्या, कशा लावायच्या, कशा सोडवायच्या. जळूच्या लाळेत रक्त गोठू न देणारे द्रव्य असते आणि तिचा दंश कळतही नाही. म्हणून वैद्याने तिला हाताशी धरले. ज्या देवाची आपण आज पूजा करतो त्याच्या हातातल्या प्राण्यापासून वाचण्यासाठी त्याच्यासमोरच मोजे शिवतो आहोत, हे मी सौभाग्यवतीच्या नजरेस आणून दिले. ती म्हणाली, “दुसरा पाय पुढे करा.”

पण सगळ्या यादीत खरी मोलाची ओळ एकच होती: “कपडे दोनच जोड. एक ओला, एक कोरडा.” मला वाटले, लिहिताना चूक झाली. ओला जोड कुणी बांधून नेतो का? सौभाग्यवतीने पुन्हा फोन लावून विचारले आणि त्या वेळी प्रथमच उत्तर माझ्यासाठी आले, आईच्या तोंडून का होईना. दिवसा रानात घालायचा तो ओला जोड. तो भिजणारच, पावसाने नाही तर घामाने. संध्याकाळी परत आले की तो उतरवायचा, अंग कोरडे करायचे आणि कोरडा जोड घालून झोपायचे. सकाळी उठून पुन्हा तोच ओला, गारढोण जोड अंगावर चढवायचा. मोह होतो कोरडा घालून निघण्याचा. तो केला की दुपारपर्यंत तोही भिजतो, आणि मग रात्री घालायला जगात काही उरत नाही. ओल्यात झोपले की कातडी पांढरी पडते, बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात, पुरळ उठते. म्हणून दोन जोडांनी एकमेकांना शिवायचे नाही.

आई लक्ष देऊन ऐकत होती. “अरे, हे तर सोवळं झालं,” ती म्हणाली. “माझी आजेसासू पावसाळ्यात पहाटे ओलेत्यानं स्वयंपाक करायची. सोवळं वेगळं, ओवळं वेगळं. पोरीनं रानात जाऊन सोवळं धरलं म्हणायचं!” आणि तिने हसून डोळे पुसले. कन्या गेल्यापासून घरात ती हसलेली मी प्रथम पाहिली.

पाडव्याच्या रात्री आईचा डबा आला. पितळेचा, घट्ट झाकणाचा, फिरकीचा. फराळाचा प्रश्न बिकट होता. चकली अशा हवेत तासाभरात सादळते, चिवड्याचे तर नाव नको. बेसनाचे लाडू टिकतात, शंकरपाळे दोन दिवस तग धरतात. आईने लोखंडी तव्यावर मूठ-दोन मूठ तांदूळ कोरडे भाजले, गार होताच जुन्या पातळाच्या तुकड्यात त्याची पुरचुंडी बांधली आणि डब्याच्या तळाशी ठेवली. भाजलेला तांदूळ ओल ओढून घेतो. हल्ली नव्या बुटांच्या आणि औषधांच्या डब्यांत सिलिका जेलच्या पुड्या निघतात त्यांचेच हे काम. कन्येच्या यादीत त्या पुड्याही होत्या, फोनसाठी आणि दुर्बिणीसाठी. भिंगांच्या आतसुद्धा बुरशी वाढते म्हणे. लाडवांवर आईने आणखी एक पुरचुंडी ठेवली, मिठाची. “जळवांना,” ती म्हणाली. यादीत ‘मीठ नको’ असे होते. पण डबा आईचा होता.

मी दोन अपराध केले. एक म्हणजे वडिलांची चामड्याची बॅग घेतली. दुसरा अपराध तिच्या तळाशी, पंचात गुंडाळून ठेवला: खाडिलकरांचे ‘कीचकवध’. त्याला सबळ कारण होते. त्या अरण्यात ज्या ठिकाणापर्यंत प्रवाशांना जाऊ देतात त्याचे नाव सैरंध्री, आणि खाली वाहते ती कुंतिप्पुळा, म्हणजे कुंती नदी. विराटाघरी दासी झालेल्या द्रौपदीने घेतलेले ते नाव. पांडव या रानात राहिले होते असे तिथले लोक सांगतात. १९०७ साली रंगभूमीवर आलेल्या आणि १९१० साली सरकारने बंदी घातलेल्या नाटकाची नायिका ज्या गावी भेटते, तिथे मराठीच्या प्राध्यापकाने ते नाटक न नेणे मला अप्रशस्त वाटले. खरे सांगायचे तर मुलीपुढे रिकाम्या हाताने उभे राहायचे धैर्य मला नव्हते. काय बोलावे ते सुचले नाही तर वाचून दाखवायला काही तरी हवे.

शोरनूरहून मण्णारक्काड, तिथून घाट चढून मुक्काली. इथे वनखात्याची कचेरी आहे आणि पुढचे तेवीस किलोमीटर त्यांच्या परवानगीच्या जीपनेच, वाटाड्या घेऊन जावे लागते. कन्या रस्त्यात उभी होती. वाळली होती, काळवंडली होती आणि पायांत तिच्या आईने शिवले होते तसलेच मोजे होते. तिने आधी आईला मिठी मारली, मग माझ्या बॅगेकडे पाहिले. “चामड्याची?” एवढेच म्हणाली.

केरळात दिवाळीच्या सुमारास पुन्हा पाऊस येतो. सूर्य तूळ राशीत असताना येतो म्हणून तुलावर्षम्. सकाळ लखलखीत, दुपारी ढग, मग गडगडाट आणि सरी. तिसऱ्या दिवशी बॅगेच्या पट्ट्यांवर हिरवट मखमल उगवली. चौथ्या दिवशी ती कडीपर्यंत पोहोचली. आईच्या मिठाचे कधीच पाणी झाले होते. पुरचुंडी माझ्या खिशात होती आणि खिसा खारट झाला होता. त्याच पाण्याने सदऱ्यावर जो नकाशा उमटला तो अजून गेलेला नाही.

सैरंध्रीच्या मनोऱ्यावरून मी ते रान पाहिले. झाड असे एकही वेगळे दिसत नाही; हिरव्या रंगाची नुसती उकळी. याच जागी कुंतिप्पुळेवर विजेसाठी धरण व्हायचे होते. सत्तरीच्या दशकात त्यावर मोठा वाद पेटला. केरळ शास्त्र साहित्य परिषदेचे शिक्षक गावोगाव बोलत फिरले, आपल्या मुंबईचे सालिम अली यांनी रान वाचवा म्हणून आवाज उठवला, सुगतकुमारींसारखी कवयित्री कविता घेऊन रस्त्यावर उतरली. १९८३ मध्ये धरणाचा बेत सोडून दिला गेला आणि १९८४ मध्ये राष्ट्रीय उद्यान जाहीर झाले. ‘माकडे महत्त्वाची की माणसे?’ असा प्रश्न त्या काळी या लोकांना विचारीत. आयाळीसारखे पांढुरके केस असलेले सिंहपुच्छ वानर त्या रानात आहेत, त्यांवरून हा टोमणा. कन्या मला हे सांगत होती आणि मी चश्मा पुसत होतो, कारण त्या हवेत काच पुसली की पुन्हा धुके धरते. बेडूक आणि विहीर यांविषयी तिने एक अक्षर काढले नाही. मीही काढले नाही.

परतताना बुटाची नाडी बांधायला मी एका दगडावर बसलो. मोज्यांतून जळू शिरत नाही हे खरे. पण मी हात टेकला होता पानांवर. मनगटावर काही तरी गार लागले म्हणून पाहिले तर करंगळीएवढी फुगलेली. मी खिशातल्या खारट फडक्याकडे हात नेला.

“थांबा बाबा,” कन्या म्हणाली. “मीठ नको. ती बिचारी तडफडते आणि ओकते, जखमेतच.” तिने माझा हात आपल्या हातात घेतला, अंगठ्याचे नख कातडीलगत जळवेच्या बारीक टोकाखाली सरकवले, मग दुसऱ्या टोकाखाली, आणि तिला अलगद पानावर ठेवली. “मल्याळीत अट्ट म्हणतात.” रक्त संध्याकाळपर्यंत थांबेना. ती दर थोड्या वेळाने येऊन बघत होती. दुखत मुळीच नव्हते, पण मी ते सांगितले नाही.

त्या रात्री मुक्कालीत, तिच्या खोलीमागच्या ओढ्याशी ती मला घेऊन गेली. मी ओला जोड घातला होता, तिला न विचारता. तिने कपाळावरचा दिवा मालवला. अंधारात आधी एकच आवाज होता, मग तिने बोट वर करून दाखवला तो दुसरा, टिचकी वाजवल्यासारखा. तिसरा उंच झाडावरून. ‘सायलेंट’ नावाच्या दरीत एवढा कोलाहल! ऋग्वेदात बेडकांवर एक सूक्त आहे, हे मला तेव्हा आठवले. पावसात ओरडणारे बेडूक म्हणजे पाठ म्हणणारे शिष्य, अशी त्यात कल्पना आहे. मी ते तिला हळूच सांगितले. ती काही वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, “ते नीट लिहून द्याल का मला?”

निघायच्या आदल्या दिवशी बॅग उपसली तेव्हा ‘कीचकवध’ सापडले. पाने फुगून पंख्यासारखी उभी राहिली होती आणि कडेने काळे ठिपके. कन्या ओरडली नाही. तिने पानापानांत वर्तमानपत्राचे तुकडे घातले, पुस्तक दिव्याखाली उभे केले आणि झोपण्यापूर्वी तुकडे बदलले. सकाळी पाहतो तो ती तिसरा अंक वाचत बसली होती, ओला जोड घालून, एका हाताने केस पुसत. “भाषा जड आहे हो,” ती म्हणाली. “पण सैरंध्री काही ऐकून घेत नाही.”

मग तिने उशाखालून एक वही काढली. पेन्सिलीने लिहिलेली, कारण शाई त्या हवेत पसरते. कोपरे मऊ पडलेले, काही पानांवर चिखल, एकावर जळवेच्या रक्ताचा डाग. “फोटो काढून ठेवलेत,” ती म्हणाली, “पण ही इथं राहिली तर पुढच्या पावसापर्यंत टिकायची नाही. बाबा, तुमचं अक्षर चांगलं आहे. स्वच्छ उतरवून ठेवाल? आकडे मात्र तपासून हं. रोजच्या रात्रीचे, ओढ्याच्या प्रत्येक टप्प्याचे वेगळे आहेत.”

पितळेचा डबा रिकामा झाला होता. तळाशी तांदळाची पुरचुंडी तेवढी होती. ती मी चुलीवर पुन्हा भाजून घेतली, कारण एवढ्या दिवसांत तिने पुष्कळ ओल प्यायली होती. सौभाग्यवतीने विचारले, डबा कशाला बरोबर घेता, पोरीला राहू दे. मी म्हणालो, “असू दे.” वही कोरड्या पंचात गुंडाळून आत ठेवली, झाकण फिरवले आणि शोरनूरपर्यंत डबा मांडीवर घेऊन बसलो.

यंदा दिवाळी अंकाचा मजकूर संपादकांकडे उशिरा पोहोचला. रोज रात्री जेवण झाले की मी ती वही उघडतो. अजून ऑगस्टची तेरा पाने उतरवायची आहेत. आई शेजारी बसून आकडे वाचून दाखवते.